वाघोशीच्या जीपची करकर

तिसऱ्यांदा ती जीप गॅरेजच्या दारात येऊन थांबली तेव्हा मी तोंड धूत होतो. जीप बघितली आणि पंचा तोंडावर तसाच धरून उभा राहिलो. वाटलं, बघितलंच नाही असं करावं.

"जालिंदर," हिंदुरावतात्या स्टिअरिंगवर बसूनच म्हणाले, "हाय तसंच हाय बघ."

"सेकंडलाच?"

"सेकंडला तर हायच. आता थर्डलाबी करकरायला लागली."

पलीकडे चहाच्या गाड्यावर नामदेव टेलर बसला होता. त्याच्या तोंडाला कधी कुलूप नाही. तो म्हणाला, "जालिंदरनं दोन वेळा पोट फाडलं, पण पोर काय सापडंना." गाड्यावरचे सगळे हसले. मीही हसलो. आतून मात्र अंगाची लाही लाही झाली होती.

ह्या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली. तेव्हा मी तिशीत होतो, पाटणात माझं गॅरेज नुकतं नावारूपाला आलं होतं. जालिंदर लोहार म्हणजे गिअरबॉक्स, असं लोक म्हणायचे. कोयनेच्या वरच्या अंगाच्या जीपा माझ्याकडेच यायच्या. ज्यांच्या हाताखाली मी कराडला शिकलो ते इस्माईलभाई सांगायचे, गाडी ऐकायची तर डोळे मिटून ऐक. डोळे उघडे ठेवले की माणूस ऐकायच्या आधीच ठरवून मोकळा होतो. मी तेच करत आलो होतो. गिअरच्या दांडीवर हात ठेवायचा, डोळे मिटायचे, आणि आवाज कुठून निघतोय ते हाताला नि कानाला सांगू द्यायचं. दहातल्या नऊ वेळा बरोबर यायचं. दहाव्याचं कोण कुणाला सांगत बसतो.

तात्यांची जीप पहिल्यांदा आली तेव्हाही मी असंच ऐकलं होतं. दुसरा गिअर टाकताना दात घासल्याचा स्वच्छ आवाज. मी म्हणालो, गिअर अल्लद बसवणारी सिंक्रोची रिंग गेली. गिअरबॉक्स उतरवला, उघडला. रिंग थोडी झिजली होती खरी, पण एवढी करकर करण्याइतकी काही नव्हती. तरी बदलली. मी चालवून बघितली तर लोण्यासारखी चालली. दोन दिवसांनी तात्या परत हजर. मग दुसऱ्यांदा उतरवला. क्लच प्लेट बघितली, बेअरिंग बघितलं, गिअर सरकवणारा काटा बघितला. सगळं ठीक. पुन्हा मी चालवली, पुन्हा आवाज नाही. आणि आज हे तिसऱ्यांदा.

तात्या म्हणजे हिंदुराव झोरे. वाघोशी नावाची धनगरांची वस्ती आहे वर पठारावर, तिथले. वय साठीच्या आसपास, अंगानं काटक, डोक्याला कायम मळकट फेटा. मी पोरसवदा असताना स्टिअरिंग धरायला त्यांनीच मला शिकवलं होतं, त्यामुळे मी त्यांना कधी उलट बोललो नाही. वाघोशीत शाळा सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर पाटणात उतरायचं, सोळा किलोमीटर, निम्मा घाट आणि सगळा रस्ता दगडधोंड्यांचा. एसटी तिकडं जात नव्हती. तात्या सकाळी चौदा पोरांना जीपमध्ये भरून खाली आणायचे आणि पाच वाजता वर न्यायचे. त्या चौदांत नऊ मुली होत्या, आणि नऊतल्या चार त्या वर्षी दहावीला होत्या.

"तुम्ही चालवताना होतंय, मी चालवताना होत नाही," मी म्हणालो. "आज मी तुमच्याबरोबर वर येतो. तुम्ही चालवा, मी ऐकतो."

"ये की. रातच्याला घरीच जेव. तुझी हौसाकाकू खुश हुईल."

संध्याकाळी पाचला शाळेपुढून निघालो. जानेवारीचे शेवटचे दिवस, ऊन कलतं झालं होतं. मागं पोरांचा नुसता कालवा. पुढं तात्या, मधे मी, आणि खिडकीशी सारिका नावाची एक मुलगी. दहावीच्या चौघींतली ती एक, मांडीवर भूमितीचं पुस्तक उघडून बसलेली. तात्यांनी चपला काढून सीटखाली सारल्या, स्टिअरिंगला हात लावून कपाळाला लावला आणि जीप सुरू केली. आमच्याकडचे जुने ड्रायव्हर चपला घालून गाडी चालवत नसत. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिच्यावर पायताण कसं ठेवायचं? मीही त्यांच्याकडूनच अनवाणी चालवायला शिकलो होतो, त्यामुळे त्यात मला बघण्यासारखं काही वाटलं नाही.

मी दांडीवर हात ठेवला आणि डोळे मिटले.

पहिला गिअर गेला. दुसऱ्याला करकर झाली. मागून पोरं एका सुरात ओरडली, "तात्या, गाडीनं दात खाल्लं!" त्यांचा तो रोजचा खेळ झाला होता. तात्या हसले. तिसऱ्याला पुन्हा करकर, पुन्हा पोरांचा गलका.

घाट लागला. मी ऐकत होतो. चार वळणं झाली, पाच झाली. आवाज गिअरबॉक्समधलाच होता, त्यात शंका नव्हती. पण हळूहळू माझ्या ध्यानात आलं की मी जो आवाज ऐकतोय तो चुकीचा. करकरीच्या आधी एक आवाज यायला पाहिजे होता, तो येतच नव्हता. क्लच पूर्ण दाबला की इंजिन मोकळं होतं, त्याचा सूर क्षणभर बदलतो. इथं बदलत नव्हता. म्हणजे गिअर पडत होता, पण इंजिन अजून धरूनच होतं.

"तात्या, क्लच पुरा दाबताय ना?"

"मग काय अर्धा दाबतोय? तीस वर्सं झाली माझ्या पायाला."

मी डोळे उघडले. तात्यांच्या पायाकडे बघायला म्हणून उघडले, आणि तसं मी पहिल्यांदाच करत होतो. क्लचच्या पेडलवरचं रबर कधीच गेलं होतं, नुसता लोखंडी चौकोन राहिला होता. तात्यांचा डावा पाय त्यावर आडवा पडत होता, आणि पेडल अर्ध्यात गेलं की तिथंच थांबत होता. तात्यांना वाटत होतं की ते खालपर्यंत दाबलंय. पेडलची कड काळपट ओली दिसत होती. मला आधी ऑइल वाटलं. मग उन्हाची तिरीप खाली आली तेव्हा कळलं की ते रक्त आहे.

वर पोचेपर्यंत थांबायचं ठरवलं. पोरं होती. वाघोशीत एकेक पोर उतरत गेलं, सारिका शेवटी उतरली. तात्यांनी जीप घरापुढं लावली.

"तात्या, उतरू नका. पाय इकडं करा."

"आरं, काय करतूस?"

मी त्यांचा डावा पाय धरून मांडीवर घेतला. चवड्याच्या खाली, अंगठ्याच्या बुडाशी, मोठ्या नाण्याएवढी जखम. कडा पांढऱ्या पडलेल्या, आत लाल, आणि तिला वास सुटला होता. पेडलची कड रोज तिथंच रुतत होती.

"हे कधीपासून आहे?"

तात्या वाकून बघायला लागले. त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, जखम ते पहिल्यांदाच बघत होते.

"दुखत नाही?"

"न्हाई रं. काय तरी चिकटल्यावानी वाटायचं." मग म्हणाले, "चप्पल पायातनं निसटली तरी कळत न्हाई आता. परवा बाजारात एका पायानंच फिरून आलो. हौसा हसत हुती."

माझ्या खिशात तारेचा तुकडा होता. मी म्हणालो, डोळे मिटा. डाव्या तळव्याला चार ठिकाणी तार टोचली. तात्या शांत. उजव्याला टोचली तसा पाय लगेच मागं घेतला. पुन्हा करून बघितलं. उजव्या पायाला सगळं कळत होतं, डाव्याला काहीच नाही.

"साखर आहे का तुम्हाला?"

"हाय म्हणत्यात. गोळी दिलीया. याद आली की घेतो."

गिअरबॉक्सला काही झालं नव्हतं. कधीच झालं नव्हतं. मी दोनदा उतरवून, धुऊन, पुसून, परत बसवलेला तो गिअरबॉक्स धडधाकट होता, आणि बिघाड माझ्या मांडीवर होता.

"तात्या, उद्या कराडला चला. मोठ्या दवाखान्यात. आणि गाडी बंद."

तात्यांनी पाय खाली घेतला. फेटा काढून मांडीवर ठेवला. वस्तीकडं बघितलं. तिकडं सारिका घराच्या ओट्यावर बसून उरल्या उजेडात वाचत होती.

"मार्चात परीक्षा हाय चौघींची," ते म्हणाले. "वाघोशीतली एकबी पोरगी आजवर दहावी झाल्याली न्हाई. मी थांबलो तर दुसरा कोण ड्रायव्हर ह्या वाटंला यायचा न्हाई. आणि एकदा शाळा सुटली की पोरीचं काय हुतंय ते तुला म्या सांगायला नगं."

"पायाचं काय?"

"दीड महिना हाय फकस्त. हळद लावतो, फडकं बांधतो. उजवा पाय बरा हाय की. ब्रेक उजव्यानं दाबत्यात." मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "क्लच वर घेता येत न्हाई का? म्हंजे अर्धा दाबला तरी सुटंल असा."

घेता येतो. क्लचच्या रॉडचा नट फिरवला की पेडल वरच्या वरच काम करतं. प्लेट लवकर जळते, बेअरिंग लवकर जातं, म्हणून कुणी शहाणा मेकॅनिक तसं करत नाही. पण करता येतं, आणि ते तात्यांना माहीत होतं.

"तूच सांग," ते म्हणाले. "तू म्हणशील तसं."

त्या वेळी माझ्या मनात काय होतं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुलींची कणव होती, ते खोटं नाही. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी होतं. नामदेव टेलरचं हसणं होतं. सकाळी ही जीप आवाज न करता गॅरेजवरून गेली पाहिजे, गाड्यावरच्या सगळ्यांनी ते ऐकलं पाहिजे, ही हाव होती. आणि तिसरी एक गोष्ट. मी चालवतो दीड महिना, असं मला म्हणता आलं असतं. सकाळी वर यायचं, संध्याकाळी परत. गॅरेज काही बुडालं नसतं. ते सुचलं होतं मला. तोंडातून निघालं नाही.

मी जीपमधला पाना घेतला आणि जीपखाली शिरलो.

तीन आटे फिरवल्यावर पेडलला पाय नुसता टेकला तरी क्लच सुटायला लागला. ब्रेकच्या पेडलचं कुठलंसं जुनं रबर तात्यांच्या घरात पडलं होतं, ते कापून पेडलवर तारेनं आवळून बसवलं. तात्यांकडून वचन घेतलं की शेवटचा पेपर झाला की त्याच दिवशी दवाखाना. हौसाकाकूंनी पाय गरम पाण्यानं धुतला, हळद भरली, पट्टी बांधली. बांधताना त्या एकसारख्या पुटपुटत होत्या, काय पुटपुटत होत्या ते मला कळलं नाही. भाकरी आणि कुळथाचं पिठलं खाऊन मी तिथंच झोपलो.

सकाळी पोरं भरली. पहिला गेला, दुसरा गेला. मागं पोरं तोंड उघडून तयारच बसली होती. काहीच आवाज आला नाही. तिसरा पडला, तोही अल्लद. मग मागून कुणीतरी टाळी वाजवली, तशी सगळ्यांनी वाजवली. सारिका वळून म्हणाली, "काका, तुम्ही एका रात्रीत कसं काय केलं?" तात्या म्हणाले, "हात हाय त्याचा." मला बरं वाटलं. किती बरं वाटलं, तेच आता आठवायला नको वाटतं. गॅरेजपुढून जाताना मी मुद्दाम तात्यांना गिअर बदलायला सांगितला. नामदेव टेलरनं मान वर करून बघितलं आणि पुन्हा कपात बघायला लागला.

त्यानंतरचा दीड महिना जीप रोज दोनदा गॅरेजवरून जायची. मी हातातलं काम थांबवून कान द्यायचो. आवाज नाही. तात्या हात वर करायचे, मीही करायचो. दोन-तीनदा जीप थांबवून विचारलं, "पाय कसा आहे?" ते म्हणायचे, "बरा हाय." पट्टी बांधलेली असायची. ती सोडून दाखवा, असं मी एकदाही म्हणालो नाही.

शेवटचा पेपर भूगोलाचा होता. त्या दिवशी दुपारी दोनच्या सुमाराला जीप गॅरेजपुढं थांबली आणि तात्या उतरेनात. मी जवळ गेलो तर अंग तापानं भाजत होतं, डोळे तांबडे. मागं चौघी मुली उतरून रस्त्याच्या कडेला गप उभ्या होत्या.

"झाले बघ सगळे पेपर," तात्या म्हणाले. "आता चल, कुठं न्यायचंय तिथं."

मी त्यांना पलीकडच्या सीटवर सरकवलं आणि कराडला नेलं. दवाखान्यात नर्सनं पट्टी सोडली आणि तोंड फिरवलं. पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. डॉक्टर तरुण होते, रागावले नाहीत, नुसतं विचारलं, "एवढे दिवस काय केलंत?" मी सांगितलं, जखम दिसून दीड महिना झाला, पण परीक्षा होती. त्यांना वाटलं माझी परीक्षा. मग म्हणाले, "दीड महिन्यापूर्वी आणलं असतं तर एका बोटावर भागलं असतं." दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याखालून पाय काढला.

तिसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो. तात्या खाटेवर उशीला टेकून बसले होते. फेटा नव्हता, त्यामुळे वेगळेच दिसत होते. चादर एका बाजूनं सपाट होती. शेजारच्या खाटेवर कुणी गावाकडचाच माणूस होता, त्याला तात्या सांगायला लागले, "ह्यो जालिंदर. म्या सांगत हुतो न्हवं, त्यो. गिअरबॉक्समदी ह्याच्यावानी माणूस न्हाई. दीड महिना गाडी चालवली, एकदाबी करकरली न्हाई."

मला तिथं उभं राहवेना. पाणी आणतो म्हणून बाहेर आलो.

व्हरांड्यात हौसाकाकू डबा धुवून पुसत बसल्या होत्या. मी त्यांच्याशेजारी खाली बसलो. म्हणालो, "काकू, माझं चुकलं. त्या दिवशी मी क्लच वर घ्यायला नको होता."

त्यांनी डब्याचं झाकण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

"त्या सांजंला तू बाहीर हात धूत हुतास," त्या म्हणाल्या. "तवा हे मला म्हणालं, जालिंदर न्हाई म्हणंल असं वाटलं हुतं. म्हणालं, मला काय पोरींच्या तोंडावर न्हाई म्हणवत न्हाई. त्यानं न्हाई म्हणलं असतं तर सुटलो असतो." पदराचं टोक डोळ्यांना लावून त्या पुढं म्हणाल्या, "तुला बोल लावत न्हाई बाबा. जे म्हणालं ते सांगितलं."

 लाज वाटली, आणि ती लाज अजून गेलेली नाही.

आतून तात्यांची हाक आली, "हौसा, जालिंदर गेला का काय? चा पाजल्याबिगर सोडू नगंस त्याला."